मोबाईल टॉवरची नवी रचना आणि उजनीकाठचा शेतकरी

(उजनी जलाशयाकाठच्या शेतकऱ्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



ऊस, केळी, डाळिंब या पिकांवर बोलणारे वक्ते आपल्याकडे नेहमी येतात. आजचा विषय थोडा निराळा आहे. मोबाईलचा टॉवर आतून कसा चालतो, त्याच्या रचनेत कोणता बदल होत आहे आणि त्याचा आपल्या मोटारीशी काय संबंध आहे, हे सोप्या भाषेत सांगण्याचा प्रयत्न करतो.

संबंध सरळ आहे. उजनी धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी पाणी मावते. त्यापैकी सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा आहे. उन्हाळ्यात धरण ‘उणे’मध्ये गेले की पाणी काठापासून दूर सरकते. मग करमाळा, माढा, इंदापूर तालुक्यांतील शेतकरी चाऱ्या खोदून, पाईप व केबल वाढवून मोटारी पाण्यामागे नेतात. मोटार लांब आणि वीज रात्रीची, म्हणून मोबाईल स्टार्टर आले. पुण्याचे अभियंते संतोष ओस्तवाल यांनी तयार केलेले ‘नॅनो गणेश’ हे त्यातील सुरुवातीचे व गाजलेले उपकरण. परंतु रेंज नसेल तर कोणताही स्टार्टर हा नुसता डबाच ठरतो आणि अंधारात पुन्हा पायपीट आली.

जलाशयात मासेमारी करणाऱ्यांसाठी व होडीने ये-जा करणाऱ्यांसाठी तर ही जिवाची बाब आहे. २१ मे २०२४ रोजी कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात होडी उलटून सहा जणांचा मृत्यू झाला, हे आपण विसरलेलो नाही. वाऱ्याचा, विजेचा इशारा पाण्यावरच्या माणसापर्यंत पोहोचायचा तर तिथे रेंज हवी.

आजचा टॉवर : गावोगावचे गुऱ्हाळ

टॉवरचे मुख्य दोन भाग असतात. वर अँटेना व रेडिओ संच. तो हवेतील लहरी पकडतो व सोडतो. खाली पेटीत किंवा खोलीत गणनसंच. वरून आलेल्या कच्च्या लहरींतून तुमचे बोलणे, तुमचा निरोप वेगळा काढण्याचे काम तो करतो. प्रत्येक टॉवरखाली असा स्वतंत्र संच, त्याला थंड ठेवण्याची सोय आणि बॅटऱ्या, अशी सर्वसाधारण रचना असते.

हे गावोगावच्या गुऱ्हाळासारखे आहे. प्रत्येकाची चूल वेगळी, कढई वेगळी, गुळव्या वेगळा. एका गावात ऊस संपला तरी तिथली कढई शेजारच्या गावाच्या उपयोगी पडत नाही.

नवी रचना : एक कारखाना, अनेक गावे

नव्या रचनेला ‘क्लाऊड रॅन’ म्हणतात. यात टॉवरवर फक्त रेडिओ संच राहतो. अनेक टॉवरांचे गणनसंच उचलून एका मध्यवर्ती खोलीत आणले जातात आणि ते काम संगणकांवर एकत्र चालते. टॉवर व ही खोली यांना काचेच्या तंतूची, म्हणजे फायबरची केबल जोडते. चीनमधील चायना मोबाईल या कंपनीने २०१० मध्ये ही कल्पना तपशीलवार मांडली. जपानमध्ये राकुतेन कंपनीने २०२० मध्ये देशव्यापी सेवा सुरू केली, तिच्यात हे काम सर्वसाधारण संगणकांवरील प्रणालींनी होते.

याचे फायदे तीन आहेत.

पहिला, भार वाटून घेता येतो. आषाढीला तुकोबारायांची पालखी इंदापूर, सराटी, अकलूज मार्गाने जाते. एका मुक्कामी हजारो फोन जमतात आणि दुसऱ्या दिवशी तिथे सामसूम होते. एकत्रित संचाची ताकद पालखीबरोबर एका टॉवरकडून दुसऱ्याकडे वळविता येते. मात्र वरच्या रेडिओ संचाची जी मर्यादा आहे, ती तशीच राहते.

दुसरा, दोन टॉवरांचे भांडण मिटते. जलाशयावर आडोसा नाही, त्यामुळे करमाळ्याच्या काठावरील फोनला इंदापूरच्या काठावरचा टॉवरही लागू शकतो. दोघांच्या लहरी एकमेकींत मिसळल्या की रेंजच्या कांड्या दिसतात, पण बोलणे तुटते. दोन्ही टॉवरांचा हिशेब एकाच खोलीत होत असेल तर त्यांच्यात मेळ घालता येतो.

तिसरा, टॉवरखालचा विजेचा खर्च कमी होतो. त्यामुळे भारनियमनात तीच बॅटरी जास्त वेळ टिकते. रेडिओ संचाला मात्र वीज लागतेच.

अडचण कुठे आहे?

ऊस तोडला की तो वेळेत कारखान्यावर पोहोचावा लागतो, नाहीतर उतारा घटतो. इथेही तसेच आहे. फायबरमध्ये प्रकाशाला एक किलोमीटर जाण्यास सेकंदाच्या दहा लाख भागांपैकी ५ भाग लागतात. हे फारच थोडे वाटते. परंतु फोर-जीमध्ये फोनकडून आलेल्या मजकुराची पोच सेकंदाच्या हजार भागांपैकी ४ भागांत परत द्यावी लागते आणि त्यातले बहुतेक भाग हिशेबातच जातात. म्हणून ही खोली टॉवरपासून साधारण २० ते ४० किलोमीटरच्या आतच असावी लागते. आपल्या गावांचे हे काम पुण्यात किंवा सोलापुरात नेऊन चालणार नाही. ती खोली टेंभुर्णी, इंदापूर अशा जवळच्या ठिकाणीच हवी.

दुसरी अडचण वाहतुकीची. एक टन उसापासून साधारण एक क्विंटल साखर मिळते, पण वाहावा लागतो पूर्ण टन. फोर-जीच्या एका नेहमीच्या जोडणीत ग्राहकांना जास्तीत जास्त १५० मेगाबिट वेग मिळतो. त्यासाठी टॉवरपासून खोलीपर्यंत मात्र सुमारे २,४५० मेगाबिट कच्चा माल वाहावा लागतो, म्हणजे सोळापट. एवढ्या भारासाठी खात्रीचे फायबरच लागते.

यावर तोड निघाली आहे. रस गावातच काढायचा आणि फक्त रस कारखान्यावर पाठवायचा. म्हणजे हिशेबाचा काही भाग टॉवरवर व उरलेला खोलीत. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या ओ-रॅन अलायन्स या संघटनेने अशा विभागणीचे नियम ठरविले आहेत. वाहतूक पुष्कळ घटते, पण फायबरची गरज संपत नाही.

तिसरी अडचण सर्वांत महत्त्वाची. एक गुऱ्हाळ बंद पडले तर एका गावाचे नुकसान होते. कारखाना बंद पडला तर पंचवीस गावे अडकतात. म्हणून मध्यवर्ती खोलीला दुहेरी वीज आणि दोन वेगळ्या मार्गांनी आलेले फायबर असलेच पाहिजे. विरळ वस्तीच्या गावांत, जिथे धड एक फायबर नाही, तिथे जुनी रचनाच अधिक भरवशाची ठरते. नवे ते सर्वच ठिकाणी चांगले, असे समजू नये.

आपण काय करावे?

१. चारी किंवा पाईपलाईन खोदण्यापूर्वी रस्त्याकडेने फायबर गेले आहे का, याची ग्रामपंचायतीत चौकशी करावी. केंद्र सरकारने यासाठी मार्च २०२३ मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे अ‍ॅप सुरू केले आहे. जेसीबीवाल्यालाही ते सांगावे. एका बकेटने तुटलेले फायबर अनेक गावांच्या मोटारी थांबवू शकते.

२. मोबाईल स्टार्टर घेताना तो टू-जीवर चालतो की फोर-जीवर, हे विचारून घ्यावे. जिओचे सिम टू-जी स्टार्टरमध्ये चालत नाही. आता नवीन घेणाऱ्याने फोर-जीचाच घ्यावा.

३. स्टार्टरची अँटेना लोखंडी पेटीत ठेवू नये. पेटीबाहेर, उंच खांबावर बसवावी. मोटार पुढे सरकविल्यावर नव्या जागी रेंज पाहूनच स्टार्टर उभा करावा.

४. मोटार सुरू झाल्याचा उलट निरोप आल्याशिवाय पाणी चालू झाले असे गृहीत धरू नये. कोरडी मोटार व फेज गेल्यास बंद करणारी व्यवस्था स्टार्टरमध्ये असावी.

५. टॉवरसाठी जागा देताना कोणी आगाऊ पैसे मागितले तर देऊ नयेत. कंपनी जागेचे भाडे देते, जागामालकाकडून शुल्क घेत नाही.

६. ग्रामसभेत ‘टॉवर द्या’ एवढीच मागणी करू नये. टॉवरला फायबर आहे का, दुसरा मार्ग आहे का आणि वीज गेल्यावर बॅटरी किती तास चालते, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत.

उजनीचे पाणी आपल्या शेतात आपोआप आले नाही. पाईप कुठून न्यायचा, चढ किती, मोटार किती अश्वशक्तीची, याचा हिशेब आपण केला, तेव्हा ते आले. रेंजही तशीच येते. तिचा मार्ग कोणता हे ज्या गावाला ठाऊक आहे, त्या गावाला योग्य मागणी करता येते. तेवढी जाण आपण ठेवावी, अशी विनंती करून मी आपली रजा घेतो.