ग्रंथांना आधार हवा



संस्थेच्या ग्रंथालयाचे कपाट आम्ही गेल्या हिवाळ्यात आवरावयास घेतले आणि खिन्न झालो. बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले जाडजूड खंड एका बाजूस कलले होते. त्यांच्या भाराखाली, आपल्या वडीलधाऱ्यांनी गावाकडून आणलेल्या भीमगीतांच्या पातळ पुस्तिका वाकून गेल्या होत्या. खंडाची प्रत दुसऱ्या ग्रंथालयातही सापडेल. त्या पुस्तिका पुन्हा कोठून आणणार?

दोष आकारांचा नव्हता, आधाराचा होता. पुस्तक तिरके राहिले की पानांचे ओझे बांधणीवर येते आणि शिवण सैल होते. उंच ग्रंथाशेजारी बुटका ठेवला, तर उंच ग्रंथाच्या पुठ्ठ्याचा वरचा भाग निराधार राहून बाक धरतो. म्हणून विषयवारी न मोडता, प्रत्येक विषयात सारख्या उंचीची पुस्तके आम्ही शेजारी लावली. ओळ सरळ उभी राहावी, परंतु पुस्तक ओढून काढावे लागेल इतकी घट्ट नसावी. ओळीच्या शेवटी पत्र्याचा काटकोनी आधार दिला. त्याची धारदार कड पानांत शिरू नये म्हणून मध्ये जाड पुठ्ठा घातला. वजनदार खंड खालच्या फळीवर घेतले. नकाशांची आणि छायाचित्रांची मोठी पुस्तके आडवी ठेवली, तीही एकावर एक दोन-तीनच. पातळ पुस्तिका पुठ्ठ्याच्या पेट्यांत उभ्या ठेवल्या. इंग्लंडच्या हिवाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल धरते. म्हणून कपाटही भिंतीपासून थोडे दूर सरकविले.

बंधू-भगिनींनो, १९२४ साली बाबासाहेबांनी स्थापिलेल्या बहिष्कृत हितकारिणी सभेच्या उद्दिष्टांत वाचनालये काढणे हेही एक होते. पुढे दादरला राजगृह बांधताना त्यांनी ग्रंथांच्या जागेचा विचार आधी केला. त्या परंपरेचे आपण वारस म्हणवितो. मग आपल्या कपाटातील सर्वांत पातळ पुस्तिकाही ताठ उभी राहिली पाहिजे.

अजून कितीतरी पुस्तिकांना पेट्या हव्या आहेत. येत्या रविवारी प्रत्येक कुटुंबाने थोडा पुठ्ठा आणावा. मुलांनी पेट्या कराव्यात आणि पुस्तिका ज्यांनी आणली त्यांचे नाव व गाव वडीलधाऱ्यांना विचारून पेटीवर मराठीत लिहावे. हे सांगणारी माणसे आज आपल्यात बसलेली आहेत, तोवरच हे काम व्हावे, एवढीच आमची विनंती.

जयभीम!