चार ऋणे आणि आपले सण

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त पहूर येथे दिलेले व्याख्यान)



मंदिराचा जीर्णोद्धार झाला, कलश चढला. आता या पायऱ्यांवर बसलेल्या नातवाने उद्या विचारले, ‘आजोबा, आपला हिंदू धर्म म्हणजे काय?’ तर त्याला काय सांगावे? एवढाच विषय मी आज घेतला आहे.

आपल्या धर्माला एक संस्थापक नाही, एकच ग्रंथ नाही. वेद, उपनिषदे, गीता आहेत, तशी ज्ञानेश्वरी आणि तुकोबांची गाथाही आहे. कोणी महादेवाला भजतो, कोणी विठ्ठलाला, कोणी कुळाच्या देवीला. कोणी मूर्ती मानीतच नाही, तरी तोही हिंदूच. मग या सर्वांना ओवणारा धागा कोणता? माझ्या अल्पमतीने तो ऋणाचा आहे. माणूस जन्मतो तोच देणेकरी म्हणून. शतपथ ब्राह्मण या प्राचीन ग्रंथात अशी चार ऋणे सांगितली आहेत : देवांचे, ऋषींचे, पितरांचे आणि माणसांचे. कर्ज म्हणजे काय, हे खानदेशच्या शेतकऱ्याला निराळे सांगायला नको. बँकेचे कर्ज पैशाने फिटते. हे कर्ज कशाने फेडावे, ते आपले सण शिकवितात.

प्रथम पितृऋण. आपल्याकडे आखाजीला घागर भरतात. नव्या मडक्यात पाणी, वर खरबूज किंवा आंबा, पुरणपोळी आणि आमरसाचा नैवेद्य. वैशाखाच्या उन्हात पितर तहानलेले राहू नयेत, ही त्यामागची भावना. परंतु त्याच दिवशी सासुरवाशीण लेक माहेरी येते, झाडाला झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. सालदाराचे साल पूर्वापार आखाजीलाच संपे आणि नवे ठरे. म्हणजे गेलेल्यांचे स्मरण, लेकीचा मान आणि राबणाऱ्याचा हिशेब, ही तिन्ही कामे आपल्या पूर्वजांनी एका दिवसावर आणून ठेविली. पितरांना घागर दिली आणि लेकीला विसरलो, किंवा राबणाऱ्याचे पैसे बुडविले, तर ती घागर पोचली असे कोण म्हणेल?

दुसरे देवऋण. देव केवळ गाभाऱ्यात नाही. पाऊस, नदी, काळी जमीन, खांद्यावर जू घेणारा बैल, ही त्याचीच रूपे. म्हणून पोळ्याला आपण बैलाच्या पाया पडतो आणि त्या दिवशी त्याला कामाला जुंपीत नाही. म्हणून श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते. नारळाची देवी, दळलेल्या गव्हाचे रोट, दूरदेशी गेलेले भाऊबंद त्यासाठी गावी परत येतात. या पूजेचा सारा संभार घरच्या बायांच्या हाती असतो. सोमवारी वाजतगाजत कानबाईचे विसर्जन होते.

विसर्जनासाठी आपण नदीवर जातो. आपली वाघूर अजिंठ्याच्या डोंगरातून लेण्यांच्या पायथ्याशी वळसा घेऊन येते, पुढे धरणात साठते आणि जळगाव शहराची तहान भागविते. त्या नदीत आपण गावचा कचरा टाकीत असू, तर कानबाईला आपण कोणत्या पाण्यात निरोप देतो, याचा विचार व्हावा.

तिसरे ऋषिऋण, म्हणजे ज्ञानाचे देणे. या बाबतीत आपला जिल्हा भाग्यवान आहे. चाळीसगावजवळ पाटण येथे एक शिलालेख सापडला आहे. ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिणारे थोर गणिती भास्कराचार्य यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापिला, त्याचा हा लेख आहे. शके ११२८, म्हणजे इ. स. १२०७ चा तो काळ. लेखाचा शेवटचा भाग तत्कालीन मराठीत आहे. त्यात गावच्या प्रत्येक तेलघाण्यामागे पळी पळी तेल मठाला द्यावे असे ठरवून दिले आहे. मंडळी, एक पळी तेल! राजाने दान दिलेच, पण घाण्यावाल्याचाही त्यात वाटा राहिला. विद्येचा दिवा साऱ्या गावाच्या तेलावर जळला.

दुसरे उदाहरण तापी-पूर्णेच्या संगमावरचे. तेथे चांगदेवाचे मंदिर आहे. हे चांगदेव निराळे, ते योगी होते. चौदाशे वर्षे जगलेल्या या योग्याने कोवळ्या वयाच्या मुक्ताईला गुरू मानले, अशी कथा आपण लहानपणापासून ऐकतो. मुक्ताई इ. स. १२९७ मध्ये तेथूनच जवळ मेहुणला अंतर्धान पावल्या. आजही त्यांची पालखी महिनाभर चालून आषाढीला पंढरपुरास पोहोचते. कथेचा अर्थ हा की, वयाने, जातीने वा पुरुष म्हणून कोणी ज्ञानाचा मालक होत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई-गुलाबाईची गाणी म्हणतात, झाकलेला खाऊ ओळखतात. त्या मुलींची शाळा मध्येच सुटली, तर मुक्ताईची पालखी पाहून हात जोडण्याला काय अर्थ उरला?

चौथे मनुष्यऋण. ते सर्वांत अवघड, म्हणून शेवटी घेतले. अजिंठ्याचे सोळाव्या क्रमांकाचे लेणे पाचव्या शतकात वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री वराहदेव याने बौद्ध भिक्षूंसाठी कोरविले. धर्माच्या कामात आपला-परका न पाहण्याची रीत आपल्या उशाशीच आहे. परंतु आपल्याच माणसांना आपण शतकानुशतके देवाच्या दारी उभे केले, हाही आपलाच इतिहास आहे, तो मुलांपासून लपवू नये. चोखोबांची समाधी पंढरीच्या महाद्वारासमोर, बाहेरच आहे. अमळनेरच्या शाळेत मुले घडविलेले साने गुरुजी हे पाहून पेटून उठले. अस्पृश्य मानलेल्या बांधवांना विठ्ठलाचे दर्शन मिळावे म्हणून १ मे १९४७ रोजी त्यांनी पंढरपुरास उपोषण आरंभिले. ते १० मे रोजी सुटले आणि विठोबाचे दार उघडले. पुढे १९५६ च्या कायद्याने सार्वजनिक मंदिरात प्रवेश हा सर्व हिंदूंचा हक्क ठरला.

कायदा दार उघडतो, पंगत मात्र आपणच मांडावी लागते. भंडाऱ्यात कोण कोणाशेजारी बसतो, पालखीला खांदा कोण देतो, विश्वस्त मंडळात कोणाचे नाव असते, स्त्रियांना तेथे बोलता येते की नाही, यावर मनुष्यऋण फिटले की थकले ते ठरते. वर्गणी घेताना आपण जात विचारली नाही. आता मान देतानाही विचारू नये.

म्हणून माझी ग्रामस्थांपुढे तीन मागणी आहेत. मंदिराच्या आवारात मुलामुलींसाठी एक अभ्यासिका व्हावी आणि दानपेटीतला काही वाटा दरवर्षी तिच्याकडे जावा, आपली ‘एक पळी तेल’. श्रावणापूर्वी दरवर्षी एक दिवस सर्वांनी मिळून नदीकाठ स्वच्छ करावा. आणि उत्सवाचा पहिला मान दरवर्षी फिरता ठेवून गावातील प्रत्येक वस्तीला आळीपाळीने द्यावा.

नातवाने विचारले, धर्म म्हणजे काय, तर त्याला सांगावे : बाळा, आपण सगळ्यांचे देणे लागतो. ते हसतमुखाने फेडणे, हाच आपला धर्म, आणि ज्या दिवशी सारे मिळून फेडतो तो आपला सण.

 रामकृष्ण हरी!