निकोटीन आणि स्मरणशक्ती

विडी-सिगारेटच्या धुरातले निकोटीन दहा ते वीस सेकंदांत मेंदूत पोहोचते. तंबाखू गालात धरली तर त्याहून जास्त वेळ लागतो, एवढेच. मळताना घातलेला चुना निकोटीन मोकळे करतो आणि ते तोंडाच्या अस्तरातून रक्तात उतरते. दातांना लावलेली मशेरीही हिरड्यांवाटे शेवटी मेंदूपर्यंतच जाते. महाराष्ट्रात तंबाखू ओढणाऱ्यांपेक्षा खाणारे-लावणारे कितीतरी जास्त आहेत.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात तो ॲसिटिलकोलीनसारख्या रसायनांद्वारे. लक्ष देणे, नवे शिकणे, आठवण साठवणे यांत या रसायनाचा मोठा वाटा असतो. अल्झायमरच्या रुग्णांत तेच कमी पडते. पेशींवर ते ज्या ठिकाणी जाऊन बसते, त्या जागा, म्हणजे ग्राही, निकोटीन बळकावते. त्यामुळे पेशी चेततात, डोपामीन स्रवते, बरे वाटते आणि काही काळ लक्षही नीट लागते. प्रयोगांत हा परिणाम दिसलेला आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही.

खरी अडचण सवयीनंतर सुरू होते. रोजच्या माऱ्याने ग्राही बधिर होतात आणि त्यांची संख्याही वाढते. रक्तातले निकोटीन साधारण दोन तासांत निम्म्यावर येते. मग चिडचिड होते, वाचलेले डोक्यात राहत नाही, आणि हात पुन्हा चंचीकडे जातो. चिमूट तोंडात गेली की डोके ताळ्यावर येते. "तंबाखूशिवाय डोकं चालत नाही" हा अनुभव म्हणूनच खोटा नसतो. पण तंबाखूने जे हिरावले तेच ती थोड्या वेळापुरते परत करते, वर काही देत नाही.

विचार आणि संयम सांभाळणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. त्यामुळे शाळा-कॉलेजच्या वयात लागलेले व्यसन जास्त घातक ठरते. पुढे धूम्रपानाने रक्तवाहिन्या खराब होतात, पक्षाघाताचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका वाढतो. लंडनच्या सरकारी नोकरांच्या दीर्घ पाहणीत धूम्रपान करणाऱ्या पुरुषांची बौद्धिक क्षमता अधिक वेगाने घसरल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले.

तंबाखू सोडल्यावर पहिला आठवडा सर्वांत कठीण जातो. तेव्हा होणारा विसराळूपणा बहुतेकांत काही आठवड्यांत ओसरतो आणि वाढलेले ग्राहीही दोन-तीन महिन्यांत पूर्ववत होतात. सोडायची इच्छा असणाऱ्यांनी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय मोफत दूरध्वनी सेवेची मदत जरूर घ्यावी.