अंगावर काढू नका
(रविवारच्या आरतीनंतरचे भाषण)

आपल्यात कुणाला दुसऱ्याचं मूत्रपिंड बसवलंय, कुणी संधिवातासाठी स्टेरॉइड घेतं. या गोळ्या करतात काय?

मॅक्रोफेज नावाच्या रक्षक पेशी आर्जिनिनपासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवतात आणि त्याने जंतू मारतात. हे १९८८ साली उंदरांच्या पेशींत दाखवणाऱ्यांत आपल्याच गावच्या मिशिगन विद्यापीठातले मायकेल मार्लेटा होते. पुढे कळलं, की स्टेरॉइडमुळे तो वायू बनवणारं एन्झाइमच नीट तयार होत नाही. सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस या पेशींना मिळणारा इशारा मंदावतात. त्यामुळे नवं मूत्रपिंड टिकतं. पण जंतूंशी लढाईही मंदावते आणि ताप फारसा चढतोच असं नाही.

म्हणून “मुलांना कशाला त्रास” म्हणत साधी कणकणही लपवू नका. त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका, एकादशीलाही नाही. सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस चालू असेल तर ग्रेपफ्रूट टाळा.

ज्यांना गाडी चालवता येते, त्यांनी ज्येष्ठांना दवाखान्यात नेण्या-आणण्यासाठी मंदिराच्या कार्यालयात नाव द्यावं. तीही सेवाच आहे.