नाकातली डोकेदुखी



मी डॉक्टर नव्हे. कामगारांची दुखणी ऐकत आणि मिळेल ते वाचत माझी पन्नाशी उलटली. आपल्या भोर-वेल्ह्याकडे कपाळ ठणकू लागले की सुंठीचा लेप लावतात, फडके आवळतात. तरीही थांबले नाही की कोणीतरी सांगतो, "नाकाचं हाड वाढलंय, कापून टाक." मग शेळ्या विकायच्या आणि पुणे गाठायचे! हा सौदा करण्यापूर्वी थोडे थांबा, एवढे सांगायला मी उभा आहे.

हाड बहुधा वाढलेले नसतेच. दोन नाकपुड्यांमधला पडदा एका अंगाला झुकलेला असतो. तो बाजूच्या भिंतीला टेकला, तर तिथली कळ कपाळात किंवा डोळ्यांच्या मध्ये जाणवू शकते. कारण नाकाची आणि कपाळाची संवेदना एकाच मज्जातंतूच्या फांद्या वाहून नेतात. असा पडदा आतूनच सरळ करता येतो. नाकावरची शस्त्रक्रिया आपल्या मुलखाला नवी नाही म्हणा! टिपूशी झालेल्या लढाईत नाक गमावलेल्या कावसजी नावाच्या गाडीवानाला पुण्याकडच्या एका देशी शल्यकाराने कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले. 1794 मध्ये ती हकीकत लंडनच्या मासिकात छापून आली.

पण वाकडा पडदा पुष्कळांना असतो आणि त्यांचे डोके दुखतही नाही. अमेरिकेत 2991 रुग्णांची पाहणी झाली, ती 2004 साली प्रसिद्ध झाली. आपली डोकेदुखी सायनसची, असे त्यांना वाटत होते किंवा डॉक्टरांनीच सांगितले होते. त्यांपैकी 88 टक्क्यांची लक्षणे निघाली अर्धशिशीची! अर्धशिशीतही नाक चोंदते, वाहते, माणूस फसतो. तिला औषध लागते, सुरी नव्हे.

तेव्हा डॉक्टरांना नम्रपणे विचारा: नाकात दुर्बीण घालून पाहिलेत काय? दुखत असताना टेकलेल्या जागी बधिर करणारे औषध लावून कळ उतरते का, ते पाहिलेत काय? उतरली तर नाकावरचा संशय बळावतो. खात्री मात्र तरीही नाही. मात्र एकाएकी भयंकर डोके दुखले, डोळा सुजला किंवा अंधुक दिसू लागले, तर तडक इस्पितळ गाठा.

आणि शस्त्रक्रिया ठरलीच, तरी शेळ्या लगेच विकू नका. 1948 च्या कायद्याने आलेल्या कामगार राज्य विमा योजनेत नाव असेल, तर उपचार तिथे मिळतात; हप्ते नियमाप्रमाणे भरलेले असतील, तर आजारपणात वर्षाकाठी 91 दिवसांपर्यंत मजुरीच्या 70 टक्के रक्कमही मिळते. ज्यांचा हप्ता कापला जातो पण कार्ड हाती नाही, त्यांनी पगाराची चिठ्ठी घेऊन मला भेटावे. मी मंडपाच्या दाराशीच आहे.