1998 चा फुटबॉल संघ आणि सांगायची राहिलेली एक गोष्ट

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आपल्या फुटबॉल संघाच्या आठवणी सांगायला मला पाच मिनिटं दिली आहेत. आठवणी आपण दर भेटीत सांगतोच. आज त्यातली एक दुरुस्त करायची आहे.

खामगावात तेव्हा खेळ म्हणजे क्रिकेट, कबड्डी, व्हॉलीबॉल. फुटबॉलचं वेड लागलं ते 12 जुलै 1998 च्या रात्रीपासून. खरं तर साडेबारा वाजून गेले होते, म्हणजे 13 तारीखच. ज्यांच्या घरी टीव्ही होता तिथे आम्ही आठ-दहा जण बसलो होतो. झिदानने डोक्याने दोन गोल मारले आणि फ्रान्सने ब्राझीलला 3-0 ने हरवलं. दुसऱ्या दिवशी आम्ही सरांच्या दारात उभे. सर म्हणाले, "अकरा जण आणा, मग बोला." कबड्डीतले चार, खो-खोतले दोन आणि बाकी कशातच नसलेले माझ्यासारखे पाच, असे अकरा भरले.

मैदान आपलंच, काळ्या मातीचं. पाऊस पडला की एकेका बुटाला किलोभर चिखल. स्टडचे बूट अख्ख्या संघात दोन जोड्या, त्याही आलटूनपालटून, बाकी कॅनव्हासवर. कडेच्या बाभळींनी किती ब्लॅडर फोडले याचा हिशेब सायकलच्या दुकानवाल्याकडे असेल. पोळा झाला आणि मुगाच्या शेंगा तोडणीला आल्या. मग सरावाला कधी सहा जण, कधी चार. सर कोणालाच रागावले नाहीत. "शेत पह्यले," एवढंच म्हणायचे.

जिल्हा स्पर्धेसाठी एसटीने बोथ्याचं जंगल ओलांडून बुलढाण्याला गेलो. तिथे आम्ही काय खेळलो ते विचारू नका. चेंडू आला की पुढे मारायचा, एवढी एकच युक्ती. तीन सामने जिंकलो, शेवटचा 2-1 ने. त्याचं श्रेय आपल्या गोलकीपरला आहे. तो मूळचा कबड्डीचा. चेंडूवर अशी झडप घालायचा, जशी चढाईवाल्याच्या पायावर घालतात.

विभागीय स्पर्धा अकोल्याला. त्याच जुलैत वाशीम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला होता. आमच्यातल्या एकाने गणित मांडलं की अकोल्याचे अर्धे खेळाडू तिकडे गेले, आता आपलं सोपं आहे. तसं काही झालेलं नव्हतं. अकोल्याची पोरं चेंडू पायाला चिकटवून पळत होती. तरी मध्यंतरापर्यंत 0-0. आपला गोलकीपर एकटा लढत होता.

सामना संपायला थोडा वेळ होता. चेंडू माझ्याकडे आला, समोरून दोघं धावून आले. मी घाबरलो आणि मागे गोलकीपरकडे चेंडू ढकलला. त्याने हातात घेतला. शिट्टी वाजली.

आम्हाला कळेचना. सहकाऱ्याने मुद्दाम पायाने मागे दिलेला चेंडू गोलकीपरने हातात घ्यायचा नाही, हा नियम 1992 पासूनचा. सरांकडचं नियमांचं पुस्तक त्याच्या आधीचं. अंतिम सामन्यात बार्थेझ असे चेंडू पायाने मारत होता, ते आम्ही डोळ्यांनी पाहिलं होतं. आम्हाला वाटलं, ती त्याची स्टाईल आहे! गोलच्या तोंडाशी इनडायरेक्ट फ्री किक मिळाली. एकाने चेंडूला हलका धक्का दिला, दुसऱ्याने मारला. 1-0.

तेव्हापासून आपण म्हणतो, "यानं हातात घेतला म्हणून हारलो." लग्नात, व्हॉट्सअॅपवर, काल रात्री जेवतानासुद्धा. तोही हसतो.

मित्रांनो, त्या क्षणी तो चेंडू पायानेच मारणार होता. त्याने पाय मागे घेतलेला मी पाहिला. मी ओरडलो, "उचल, उचल नं बे!" आणि त्याने उचलला.

सामन्यानंतर सरांनी विचारलं, "कोण ओरडलं?" मी बुटाची नाडी सोडत बसलो. पॅसेंजरने परत येताना सरांनी हरलेल्या संघाला शेगाव स्टेशनवर कचोरी खाऊ घातली. मी दोन खाल्ल्या. त्याने एकही खाल्ली नाही. जलंबला गाडी बदलेपर्यंत तो दारात उभा होता. उठून त्याच्याजवळ जावं असं वाटलं, पण गेलो नाही. त्यानंतर तो कबड्डीलाही उतरला नाही. बारावीचं वर्ष आहे, असं सांगायचा.

सर, तुम्ही समोर बसला आहात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पंचवीस वर्षं लागली. ओरडलो तो मी. आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या माझ्या गोलकीपर मित्रा, तुझी मी सगळ्यांसमोर माफी मागतो.

(स्मरणिकेसाठी हे लिहून देताना एक भर घालतो. भाषणानंतर तो भेटायला आला. म्हणाला, "मले मालूम होतं बे. तुयाच आवाज होता." मी विचारलं, मग इतकी वर्षं बोलला का नाहीस? तो म्हणाला, "सरांनी तुले इचारलं होतं, मले नाही.")