जुन्या लष्करी गाड्या आणि माझ्या सहीची एक नोटीस

(रौप्यमहोत्सवी सोहळ्यातील 'माझा छंद' या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निवृत्त बँक अधिकारी बोलायला उभा राहिला की लोकांना वाटतं, आता हा मुदतठेवींचे व्याजदर सांगणार. आज ते नाही. आज मी युद्धकाळातल्या जुन्या गाड्यांबद्दल बोलणार आहे. हा छंद मला लागला तो आपल्याच पार्किंगमध्ये आणि तोही उशिरा. आधी मी त्या छंदाच्या विरोधात होतो.

जुन्या सभासदांना ती जीप आठवत असेल. ए विंगच्या मागे, पाण्याच्या टाकीजवळ, निळ्या ताडपत्रीखाली उभी असायची. मालक म्हणजे आपले सुभेदारसाहेब. लष्कराच्या ईएमई, म्हणजे यंत्रांची देखभाल-दुरुस्ती करणाऱ्या विभागातून निवृत्त झालेले. मुलं त्यांना 'जीपआजोबा' म्हणायची. आज ते आपल्यात नाहीत.

ती जीप दुसऱ्या महायुद्धातली. 1941 ते 1945 या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपल्यावर आपल्याकडे राहिलेल्या बऱ्याच गाड्या 'डिस्पोजल'मध्ये विकल्या गेल्या. पुढे महिंद्रांनी माझगावला विलीजची जीप जोडायला सुरुवात केली. गंमत म्हणजे फोर्डने आपल्या जीपच्या बोल्टच्या डोक्यांवरसुद्धा 'एफ' हे अक्षर उठवलं होतं. सुभेदारसाहेब कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगाराच्या ढिगात बसून असे बोल्ट वेचायचे. एखादा सापडला की सोन्याची अंगठी सापडल्यासारखे घरी यायचे.

आम्हाला मात्र तो सगळा पसारा वाटायचा. इंजिन चालू व्हायचं, पण ब्रेक नव्हते, टप नव्हतं, खाली तेलाचे डाग. 2005 च्या मे महिन्यात समितीत विषय आला. मी सेक्रेटरी होतो. 'सदर भंगार वाहन 90 दिवसांत आवारातून हलवावे' अशी नोटीस मी टाइप केली आणि सही केली. बँकेची सवय! डेड स्टॉक म्हटला की राइट ऑफ करायचा.

नोटीस घेताना ते एवढंच म्हणाले, "ठीक आहे, साहेब."

मुदत संपायच्या आत 26 जुलै आला. त्या दिवशी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. दहिसर नदीचं पाणी आपल्या आवारात शिरलं, पार्किंगमध्ये कंबरेच्या वर. दोन दिवसांनी पाणी ओसरल्यावर मी खाली गेलो आणि माझ्या तीन वर्षांच्या गाडीला घाईघाईने चावी मारली. 'खट्' आवाज झाला आणि इंजिन बसलं. गाडी पाच आठवडे वर्कशॉपमध्ये पडून होती आणि बिल ऐकून आमच्या सौ. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत.

सुभेदारसाहेबांनी स्टार्टरला हात लावला नाही. आधी चारही प्लग काढले, पुढे हँडल लावून इंजिन हाताने फिरवलं. प्लगच्या भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. मला म्हणाले, "हवा दाबली जाते, साहेब, पाणी दाबलं जात नाही. पाणी आत असताना पिस्टन जोरात वर आला तर रॉडच वाकतो." माझ्या गाडीचं नेमकं तेच झालं होतं. मग त्यांनी इंजिन, गिअरबॉक्स, दोन्ही ॲक्सल, सगळ्यांतलं तेल बदललं. डिस्ट्रिब्युटर वाळवला, कार्बोरेटर उघडून गाळ काढला. आठव्या दिवशी रात्री काम चालू होतं. पार्किंगचे दिवे अजून बंद होते. त्यांनी जीपचा हेडलाइट सोडवला आणि उलटा वळवून थेट इंजिनावर उजेड पाडला. ती सोय कंपनीनेच दिलेली, अंधारात दुरुस्ती करता यावी म्हणून. थोड्या वेळाने साठ वर्षांचं ते इंजिन सुरू झालं. त्या आठवड्यात त्यांनी सोसायटीतल्या चार-पाच स्कूटरही चालू करून दिल्या. नोटिशीचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. मीही नाही.

त्यानंतर रविवारी मी खाली जाऊ लागलो. आधी पाने पुसायला, मग पाने चालवायला.

पुढे ते मला नगरला घेऊन गेले. आता अहिल्यानगर म्हणायचं. तिथे लष्कराने 1994 मध्ये सुरू केलेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळातली रोल्स रॉइसची चिलखती गाडी, ब्रिटिशांचे माटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, जपान्यांचा चिमुकला रणगाडा, 1965 च्या लढाईतले पॅटन, सगळं जवळून बघायला मिळतं. मी तोफा बघत होतो, तर सुभेदारसाहेब पट्ट्यापाशी उकिडवे बसलेले.

पट्टा म्हणजे पोलादी कड्यांची माळ. प्रत्येक दोन कड्यांमध्ये एक पिन. चालताना प्रत्येक पिन केसभर झिजते. पण अशा दीडदोनशे पिना झिजल्या की अख्खा पट्टा लांबतो, सैल पडतो आणि वळताना चाकावरून उतरतो. म्हणून तो सारखा ताणून घ्यावा लागतो आणि ताणायला जागा उरली नाही की एक कडी काढून टाकायची. मी उभा जन्म कागदावर घसारा लावला. घसारा बोटाला कसा लागतो, ते त्या दिवशी कळलं.

आपल्याकडे रणगाडा कोणी घरी आणत नाही. ब्रिटनमध्ये मात्र हौशी माणसं घरामागच्या शेडमध्ये पट्ट्याच्या गाड्या दुरुस्त करतात. त्यांची लाडकी गाडी म्हणजे ब्रेन कॅरियर. आपल्या फौजेनेही ती युद्धात भरपूर वापरली. वजन चार टनांच्या आसपास, इंजिन फोर्डच्या ट्रकचं व्ही-एट, त्यामुळे पार्ट मिळवणं जमतं. तिचं वळणं तर बघण्यासारखं. स्टिअरिंग थोडं फिरवलं की पुढची चाकं बाजूला सरकून पट्टाच वाकवतात आणि गाडी अलगद वळते. आणखी फिरवलं की एका बाजूच्या पट्ट्याला ब्रेक लागतो. सुभेदारसाहेबांनी हे मला तिथल्या चहाच्या टपरीवर बिस्किटांचे दोन पुडे सरकवून दाखवलं.

संग्रहालयातून निघताना ते म्हणाले, "रंग दिलेली गाडी बघायला बरी. पण वर्षातून दोनदा चालवली नाही तर सील सुकतात, टाकी गंजते. आणि गाडीच्या आधी हात विसरतात."

ते वाक्य मला पुढे फार लागलं. 2019 मध्ये ते गेले. मुलगा परदेशातून आला. पेटीतली हत्यारं मला देताना त्याने एक घडी घातलेला कागद हातात ठेवला. माझ्याच सहीची नोटीस. मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने राहिलेल्या कामांची यादी होती: ब्रेक सिलिंडर, टप, सहा व्होल्टचा हॉर्न, डाव्या बाजूचं स्प्रिंग. केलेल्या कामांवर बारीक टिक. सगळ्यात खाली लिहिलं होतं, 'सेक्रेटरींकडे मुदतवाढ मागणे.' त्यापुढे टिक नव्हती. त्यांनी ती कधी मागितलीच नाही आणि मी आपणहून कधी दिली नाही.

म्हणून आज, इतक्या वर्षांनी, सर्वांसमक्ष सांगतो: ती नोटीस मी मागे घेतो.

जीप आता सफाळ्याला एका मित्राच्या वाडीत आहे. दर महिन्याला मी जातो. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या मूळ स्थितीतल्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम आले आहेत. रोज वापरता येत नाही, पण रॅलीला, प्रदर्शनाला नेता येते. आमचे कागद तयार होत आहेत. यादीत फक्त हॉर्न उरला आहे.

दोन विनंत्या करतो. यंदाची सोसायटीची सहल रिसॉर्टऐवजी नगरला काढा, मुलांना पट्टा आणि पिन दाखवायचं माझ्याकडे लागलं. आणि ज्या मुलामुलींना हात काळे करायची हौस असेल, त्यांनी रविवारी माझ्याबरोबर सफाळ्याला यावं. सकाळी सहाची गाडी, डबा आमच्या घरचा. माझी पंचाहत्तरी जवळ आली आहे. हे हात विसरायच्या आत कुणीतरी शिकून घ्या.